मुंबई हायमधील उरलेले तेल : जलक्षेपणापासून पॉलिमरयुक्त फेसापर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील खनिज तेलाच्या इतिहासात मुंबई हायचे स्थान अनन्यसाधारण आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेस, सुमारे ७५ मीटर खोल समुद्राखाली असलेल्या या क्षेत्राने देशाच्या अर्थकारणाला अत्यंत कठीण काळात आधार दिला. या क्षेत्राविषयीचे बहुतांश लेखन १९७४ मधील तेलशोधाभोवती केंद्रित झाले आहे. 'सागर सम्राट' हे नाव त्यामुळे शालेय पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचले. परंतु तेल सापडणे आणि तेल हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. जमिनीखालील खडकात असलेल्या तेलापैकी सर्वच तेल वर काढता येत नाही. जगातील बहुसंख्य तेलक्षेत्रांप्रमाणेच मुंबई हायमध्येही मूळ साठ्यापैकी निम्म्याहून अधिक तेल आजही खडकातच अडकून आहे. हे तेल का उरले आणि ते काढण्यासाठी कोणकोणते उपाय योजले गेले अथवा सुचवले गेले, याचा इतिहास तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. त्या इतिहासाचा एक टप्पा म्हणजे पॉलिमरने स्थिर केलेल्या फेसाची कल्पना होय. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा विचार मुंबई हायच्या वाटचालीच्या संदर्भात केला आहे.

उद्दिष्टे

१) मुंबई हायमधील तेल उत्पादनाच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) जलक्षेपण व वायूक्षेपण यांच्या मर्यादा समजून घेणे.
३) पॉलिमरयुक्त फेसाच्या तंत्राचा उगम, कार्यपद्धती व मुंबई हायमधील त्याची उपयुक्तता तपासणे.
४) या तंत्राचा मुंबई उपनगरांतील जनजीवनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

शोध आणि उभारणी (१९५६ ते १९७६)

स्वातंत्र्यानंतर तेलाच्या बाबतीत स्वावलंबन साधण्याच्या हेतूने १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली. केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत संघाच्या सहकार्याने या आयोगाची पायाभरणी केली. १९५८ मध्ये खंभात व १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडल्याने गुजरातचा किनारा आणि त्यालगतचा समुद्र यांकडे भूवैज्ञानिकांचे लक्ष वेधले गेले. 'अकादमिक आर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाच्या साहाय्याने १९६४ ते १९६७ या काळात झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणात मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. या उंचवट्यावरूनच 'हाय' हे नाव रूढ झाले. १९७० मध्ये खंभातच्या आखातातील अलियाबेट येथे समुद्रातील पहिली विहीर खोदण्यात आली. पुढे जपानमध्ये बांधलेले 'सागर सम्राट' हे खोदकामाचे तरते व पायांवर उभे राहणारे यंत्र भारतात आले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल लागले. मे १९७६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादनास सुरुवात झाली.

या घटनाक्रमाची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९७३ च्या ऑक्टोबरमधील पश्चिम आशियातील युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव प्रतिपिंप सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांतच ११ डॉलरच्या पुढे गेला. त्या वेळी देशाचे वार्षिक तेल उत्पादन सुमारे ७० लाख टन होते आणि गरजेचा मोठा भाग आयातीने भागवला जात असे. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला समुद्रातून मिळणारे प्रत्येक पिंप मोलाचे होते. त्यामुळे मुंबई हायचा विकास शक्य तितक्या लवकर करणे हे राष्ट्रीय धोरण बनले.

वेगाचे दशक (१९८० ते १९९०)

१९७९ च्या इराणमधील क्रांतीनंतर तेलाचे भाव पुन्हा कडाडले आणि उत्पादनवाढीची निकड अधिकच तीव्र झाली. १९८०-८१ मध्ये देशाचे एकूण तेल उत्पादन सुमारे १०५ लाख टन होते. आसाममधील आंदोलनामुळे त्या वर्षीचा आकडा काहीसा कमी होता, हे मान्य केले तरी १९८४-८५ मध्ये तो सुमारे २९० लाख टनांवर गेला, ही वाढ विस्मयकारकच म्हणावी लागेल. तिचा सिंहाचा वाटा मुंबई हायचा होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकट्या या क्षेत्रातून दररोज ४ लाख पिंपांहून अधिक तेल निघत असे.

या वेगाची दुसरी बाजू खडकात घडत होती. तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचे तळे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेले असते. मुंबई हायचा मुख्य साठवण खडक हा मायोसीन काळातील चुनखडक असून तो एकसंध नाही. त्यात पातळ थरांची उतरंड आहे आणि दोन थरांमध्ये शेलचे पडदे आहेत. काही थरांतून द्रव सहज वाहतो, तर काहींतून अत्यंत संथपणे. तेलाच्या वर वायूची टोपी आहे. विहिरीतून तेल वेगाने उपसले की दाब घटतो, तेलात विरघळलेला वायू सुटा होतो आणि वरचा वायूही विहिरीकडे धाव घेतो. वायू तेलापेक्षा कितीतरी पातळ असल्याने तो तेलाला ढकलत नाही, त्याला वळसा घालून पुढे जातो. एकदा ही वाट पडली की विहिरीतून तेलाऐवजी वायूच अधिक येऊ लागतो.

दाब टिकवण्यासाठी १९८४ पासून मुंबई हायमध्ये समुद्राचे पाणी गाळून, त्यातील प्राणवायू काढून खडकात सोडण्यास सुरुवात झाली. जलक्षेपण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीमुळे उत्पादनाला निश्चितच आधार मिळाला. तथापि १९८९-९० मध्ये सुमारे ३४० लाख टनांवर गेलेले देशाचे उत्पादन १९९२-९३ मध्ये सुमारे २७० लाख टनांपर्यंत खाली आले. मुंबई हायमधील घट हे त्याचे प्रमुख कारण होते. क्षेत्रातून अवाजवी वेगाने तेल उपसले गेले काय, असा प्रश्न त्या काळात संसदेत व वृत्तपत्रांतही चर्चिला गेला. १९९१ च्या परकीय चलन संकटाशी या घटीचा काळ जुळतो, ही बाबही नोंद घेण्यासारखी आहे.

पाण्याची आणि वायूची मर्यादा

तेल काढण्याचे तीन टप्पे मानले जातात. खडकातील नैसर्गिक दाबाने तेल वर येते तो प्राथमिक टप्पा. पाणी अथवा वायू सोडून दाब टिकवला जातो तो दुय्यम टप्पा. रसायने, उष्णता किंवा विशिष्ट वायू यांच्या साहाय्याने अडकलेले तेल सोडवले जाते तो तिसरा टप्पा.

दुय्यम टप्प्यात तेल दोन प्रकारे मागे राहते. पाणी ज्या थरांतून गेले, त्या थरांतील छिद्रांत तेलाचे थेंब केशाकर्षणाने अडकून राहतात. ज्या थरांत पाणी पोहोचलेच नाही, तेथील तेल जसेच्या तसे राहते. पावसाळ्यात डोंगरउतारावरचे पाणी नेहमीच्या ओहोळांनीच वाहते आणि शेजारची जमीन कोरडी राहते, तसाच हा प्रकार आहे. अधिक पाणी सोडल्याने ओहोळ भरून वाहतात, परंतु कोरड्या भागाला त्याचा लाभ होत नाही. वायू सोडल्यास अडकलेले थेंब काही अंशी सुटतात, मात्र वायू हलका असल्याने थराच्या वरच्या भागातून निघून जातो. पाणी व वायू आलटून पालटून सोडण्याची पद्धत या दोन्ही दोषांवर अंशतः मात करते. परंतु ओहोळ बुजवल्याशिवाय मूळ प्रश्न सुटत नाही, हे अभियंत्यांच्या ध्यानात आले होते.

फेसाची कल्पना आणि पॉलिमरची जोड

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत १९५८ मध्ये पुढे आले. बाँड व हॉलब्रूक यांनी त्या वर्षी मिळवलेल्या पेटंटमध्ये खडकात फेसकारक रसायनाचे द्रावण आणि वायू सोडून तेथेच फेस निर्माण करण्याची कल्पना मांडली होती. फेस म्हणजे वायूचे बुडबुडे आणि त्यांना वेगळे ठेवणारे पाण्याचे पातळ पडदे. मोकळा वायू खडकातून विनासायास निघून जातो, परंतु पडद्यांत कोंडलेल्या वायूला प्रत्येक छिद्रातून पुढे सरकताना अडथळा होतो. विशेष म्हणजे जेथे वाट मोकळी असते तेथे फेस अधिक घट्ट होतो आणि अरुंद छिद्रांच्या भागात तो विरळ राहतो. त्यामुळे ओहोळ आपोआप बुजतात आणि मागून येणारा द्रव दुर्लक्षित थरांकडे वळतो. शिवाय तेलाच्या संपर्कात बहुतेक फेस मोडतो. म्हणजे तेल असलेल्या भागाची वाट तो सहसा अडवत नाही.

हाच गुण या तंत्राचा दोषही ठरला. ज्या खडकात तेल अद्याप बरेच शिल्लक आहे, तेथे फेस पुरेसे अंतर कापण्यापूर्वीच मोडून पडतो. पडद्यांतील पाणी खाली झिरपते, पडदा पातळ होतो आणि फुटतो. यावर उपाय म्हणून फेसकारक द्रावणात पॉलिमर मिसळण्याचा विचार पुढे आला. पॉलिमरच्या लांब साखळ्यांमुळे पडद्यातील पाणी दाट होते, ते सावकाश झिरपते आणि फेसाचे आयुष्य वाढते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील सिडान्स्क यांनी पॉलिमरयुक्त फेसावर महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. चीनमधील डाचिंग व शेंगली येथेही पॉलिमर आणि फेस यांच्या संयुक्त वापराचे प्रयोग झाले. समुद्रातील क्षेत्रांपुरते पाहिल्यास नॉर्वेच्या स्नोर क्षेत्रात १९९७ ते २००० या काळात झालेला पॉलिमरविरहित फेसाचा प्रयोग विशेष उल्लेखनीय होय. पाणी व वायू आलटून पालटून सोडताना फेसाची मदत घेतल्यास वायू विहिरीत लवकर पोहोचण्याला आळा बसू शकतो, हे तेथे दिसून आले.

भारतातील पॉलिमरचा अनुभव

भारताला पॉलिमरचे तंत्र अपरिचित नाही. अहमदाबाद येथे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या तेलसाठा अध्ययन संस्थेच्या संशोधनाच्या आधारे गुजरातमधील साणंद क्षेत्रात १९८० च्या दशकाच्या मध्यास पॉलिमरयुक्त पाणी सोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला व १९९० च्या दशकात त्याचा विस्तार झाला. राजस्थानातील मंगला हे क्षेत्र २००४ मध्ये सापडले, २००९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांतच तेथे पॉलिमरचा क्षेत्रव्यापी वापर होऊ लागला. क्षेत्राच्या विकासाचा आराखडा आखतानाच तिसऱ्या टप्प्याचा विचार केला गेल्याने हे शक्य झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धित तेलप्राप्तीला प्रोत्साहन देणारे धोरण मंजूर करून या विचाराला शासकीय मान्यता दिली.

परंतु साणंद व मंगला यांचा अनुभव मुंबई हायला जसाच्या तसा लागू करता येत नाही. त्या दोन्ही ठिकाणचे तेल दाट आहे. तेथे पॉलिमरचे काम पाण्याला तेलाइतके दाट करून तेल पुढे ढकलणे हे आहे. मुंबई हायचे तेल हलके व पातळ आहे. येथील अडचण तेलाच्या दाटपणाची नसून वायू व पाण्याच्या पळवाटांची आहे. म्हणून येथे पॉलिमरचे मुख्य काम फेस टिकवण्याचे राहील. दोन्हीकडे रसायन एकच असले तरी त्यामागील हेतू भिन्न आहे, हा फरक अनेकदा दुर्लक्षिला जातो.

मुंबई हायपुढील अडचणी

मुंबई हायमध्ये या तंत्राचा क्षेत्रव्यापी वापर झालेला नाही. २०००-०१ पासून राबवलेल्या पुनर्विकास प्रकल्पांत भर होता तो नव्या व आडव्या विहिरी, नवे मंच आणि जलक्षेपणाची सुधारणा यांवर. यामागील कारणे चार प्रकारची आहेत.

पहिले कारण उष्णतेचे. येथील मुख्य साठवण खडकाचे तापमान ११० अंश सेल्सिअसहून अधिक आहे. सर्वाधिक वापरले जाणारे पॉलिॲक्रिलअमाइड एवढ्या उष्णतेत दीर्घकाळ टिकत नाही. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या सान्निध्यात त्याचा साका होतो. अधिक तापमान सोसणारी पॉलिमरे उपलब्ध आहेत, मात्र ती महाग आहेत. दुसरे कारण खडकाचे. चुनखडकाच्या पृष्ठभागावर ऋणभारित फेसकारक रसायने चिकटून बसतात व वाया जातात. तिसरे कारण जागेचे. समुद्रातील मंचावर प्रत्येक चौरस मीटर मोजून वापरावा लागतो. रसायने साठवणे, मिसळणे व त्यांसाठी गोडे पाणी तयार करणे यांस लागणारी यंत्रणा जुन्या मंचांवर बसवणे सोपे नाही. शिवाय विहिरींमधील अंतर मोठे असल्याने प्रयोगाचा परिणाम दिसण्यास अनेक वर्षे जातात.

चौथे कारण वायूचे असून त्याचा संबंध थेट मुंबई उपनगरांशी येतो. फेसासाठी वायू लागतो आणि मुंबई हायचा वायू किनाऱ्यावर मोलाचा आहे. उरण येथे येणारा हा वायू तुर्भे येथील खत कारखान्यासाठीही वापरला जाऊ लागला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसमुळे नैसर्गिक वायू अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील घराघरांतील शेगड्यांपर्यंत आणि रिक्षांपर्यंत पोहोचला. खडकात सोडलेला वायू कालांतराने बराचसा परत मिळतो, परंतु तोवर तो शहराच्या वाट्यातून वजा होतो. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड हे पर्याय उपलब्ध असले, तरी ते समुद्रात तयार करणे अथवा तेथवर नेणे यांचा खर्च पुन्हा वेगळा. ज्या काळात समुद्रातील अतिरिक्त वायू मंचांवर जाळून टाकला जात होता, त्या काळात ही अडचण तितकी तीव्र नव्हती. तंत्राचा विचार उशिरा झाला की त्याची किंमत कशी वाढते, याचे हे ठळक उदाहरण होय.

उपनगर आणि समुद्र : मानवी बाजू

मुंबई हायच्या इतिहासाचे एक टोक समुद्रात असले तरी दुसरे टोक उपनगरांत आहे. वांद्रे येथील वसुधारा भवनातून या क्षेत्राचा कारभार चालत आला. १९२८ पासून विमानोड्डाणाशी नाते असलेले जुहूचे विमानतळ हे पुढे समुद्रातील मंचांवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरांचे मुख्य ठाणे बनले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवनहंसचे प्रारंभीचे प्रमुख कार्य हेच होते. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, असे वेळापत्रक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पिढ्या या मार्गाने ये-जा करत आल्या.

हा मार्ग निर्धोक नव्हता. ऑगस्ट २००३ मध्ये समुद्रात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधील २७ जणांचा मृत्यू झाला. २७ जुलै २००५ रोजी एका साहाय्यक जहाजाची धडक बसून मुंबई हाय उत्तर मंच आगीत नष्ट झाला आणि २२ जण दगावले. आदल्याच दिवशीच्या महापुराने मुंबई ठप्प झाल्यामुळे त्या वेळी हवाई मदतीसही अडथळा आला. जानेवारी २०१८ मध्ये जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर कोसळून त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. जून २०२२ मध्ये आणखी एका दुर्घटनेत चौघांचे प्राण गेले.

तेलप्राप्तीच्या तंत्राची चर्चा बहुधा पिंपे आणि डॉलर यांच्या हिशेबात होते. परंतु समुद्रात प्रत्येक नवी यंत्रणा म्हणजे आणखी काही माणसे, आणखी काही फेऱ्या आणि ज्वालाग्राही वायूजवळ आणखी काही नळ्या. वर्धित तेलप्राप्तीच्या खर्चात या जोखमीची नोंद व्हावयास हवी. दुसऱ्या बाजूने पाहता, आहे त्याच विहिरींतून अधिक तेल मिळाल्यास नव्या मंचांची व नव्या क्षेत्रांची गरज काही अंशी कमी होते, हेही नाकारता येत नाही.

निष्कर्ष

१) मुंबई हायमध्ये तेल कोठे व का उरले, हे खडकाच्या रचनेइतकेच १९७० व १९८० च्या दशकांतील उत्पादनाच्या वेगावरही अवलंबून आहे. तो वेग राष्ट्रीय निकडीतून आला होता, त्यामुळे त्याला केवळ चूक ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु त्याचा परिणाम मात्र मान्य करावा लागेल.

२) वायूच्या पळवाटा बुजवणे हे फेसाचे काम असल्याने तत्त्वतः हे तंत्र मुंबई हायच्या मुख्य दुखण्याशी जुळते. पॉलिमरची जोड फेसाला टिकाऊपणा देते, तथापि येथील उष्णता, क्षार व चुनखडक यांमुळे तीच सर्वांत कच्ची कडी ठरते.

३) मंगलाचे उदाहरण पाहता तिसऱ्या टप्प्याचे नियोजन क्षेत्राच्या विकासाबरोबरच व्हावे लागते, हा धडा मिळतो. मुंबई हायमध्ये ही संधी हुकली असली तरी निवडक विहिरींवर मर्यादित प्रयोग करणे आजही शक्य आहे.

४) २०२४ च्या सुमारास मुंबई हायचे उत्पादन दररोज सुमारे १ लाख ३४ हजार पिंपांपर्यंत उतरले होते. २०२५ च्या प्रारंभी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. दहा वर्षांच्या कालावधीत तेल व वायूचे उत्पादन आधाररेषेपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, अशी अपेक्षा त्या वेळी व्यक्त झाली. या दहा वर्षांत कोणतेही तंत्र स्वीकारले गेले, तरी वेगाला प्राधान्य द्यावयाचे की खडकाच्या आरोग्याला, हा १९८० च्या दशकातील प्रश्न पुन्हा समोर येणार आहे. त्या वेळी त्याचे उत्तर तेलाच्या आयातीच्या देयकाने दिले. या वेळी ते पन्नास वर्षांच्या अनुभवाच्या आधारे द्यावे लागेल. त्या अनुभवात जुहूहून निघालेल्या आणि परत न आलेल्या माणसांचाही समावेश आहे, याचे भान धोरणकर्त्यांनी राखणे अगत्याचे आहे.